शेकोटीच्या उजेडातले नाव

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचीत असता, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना १८८३ साली आपल्या घरी पोटच्या मुलीसारखे ठेवून घेतले त्यांचे पाळण्यातले नाव थिओडिशिया होते असे कळले, आणि त्या शाळकरी दिवसापासून अमेरिकेतील जुन्या स्त्रीनामांचा जो नाद मला लागला तो आजतागायत सुटलेला नाही. ग्रीक थिओडोसियाचे, म्हणजे आपल्याकडील देवदत्तेचे, ते खेडवळ रूप असावे एवढा उलगडा होईपर्यंत माझ्या दोन वह्या अशा नावांनी भरून गेल्या होत्या.

ताडपत्रीचे छत घातलेल्या बैलगाड्यांतून ऑरेगॉनकडे आणि कॅलिफोर्नियाकडे गेलेल्या कुटुंबांतील मुलींची नावे बायबलातून किंवा सद्गुणांच्या यादीतून उचललेली असत, असा एक सर्वसाधारण समज आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजावरून उतरलेल्या मुलींत रिमेंबर आणि ह्युमिलिटी, म्हणजे स्मृती आणि विनम्रता, होत्या हे खरे. पण गाड्यांचा काळ त्यानंतर दोन शतकांनी आला, आणि मधल्या काळात कादंबरी नावाची एक चेटकीण समुद्र ओलांडून आली होती. सारा आणि मेरी यांच्या जोडीला आता क्लॅरिसा आली ती रिचर्डसनच्या १७४८ च्या कादंबरीने रूढ केलेली, माल्विना मॅक्फर्सनच्या ‘ओसियन’ काव्यातून, तर रोवेना स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’तून. व्यासपीठावरून कादंबरीवाचनाचा निषेध चाललेला असताना पाळण्यात मात्र कादंबरीच निजत होती, ही विसंगती मला मोठी लोभस वाटते. मिशनरी नार्सिसा व्हिटमन १८३६ साली रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या दोन गौरवर्णीय स्त्रियांपैकी एक. तिच्या आईचे नाव क्लॅरिसा, आणि १८३७ च्या मार्च महिन्यात वाईलाटपूच्या मिशनात जन्मलेल्या मुलीचे नाव दोन्ही आज्यांवरून ॲलिस क्लॅरिसा. कादंबरीने रुळवलेले नाव दोन पिढ्यांत असे कुलाचार होऊन बसते.

परंतु माझ्या वह्यांतील ज्या पानाशी मी पुनःपुन्हा थांबतो ते पान हेलन मार मीक हिचे आहे.

तिचा बाप जो मीक हा व्हर्जिनियाचा, बीव्हरच्या कातड्यांसाठी डोंगर तुडवणारा फासेपारधी, आणि आई नेझ पर्स जमातीची. फ्रान्सिस फुलर व्हिक्टर या लेखिकेने त्याच्या तोंडून ऐकलेली हकिगत १८७० साली ‘द रिव्हर ऑफ द वेस्ट’ या ग्रंथात नमूद केली आहे. डोंगरात आला तेव्हा हा गडी जेमतेम साक्षर होता. वाचायला शिकला तो हिवाळी तळावर, शेकोटीच्या उजेडात, एका सोबत्याकडून, आणि तळावर फिरणारे बायबल व शेक्सपिअर हीच त्याची क्रमिक पुस्तके. या तळांना ते लोक थट्टेने ‘रॉकी माउंटन कॉलेज’ म्हणत. मीकने जेन पोर्टरची १८१० ची ‘स्कॉटिश चीफ्स’ ही कादंबरीही वाचली, आणि तीतील विल्यम वॉलेसवर जीव जडलेल्या सरदारकन्येचे, हेलन मारचे, नाव आपल्या लेकीला आडनावासकट बहाल केले. बायबलातील एस्तेर किंवा रेचेल हाताशी असताना त्याने हेलन मार निवडावी, यात मला त्या रांगड्या माणसाच्या नवशिक्या वाचनाचा सारा गर्व दिसतो. आईच्या जमातीने तिला काही वेगळे म्हटले असते, तिकडे मात्र त्याचे लक्ष गेलेले दिसत नाही, हा दोषही त्याच्या पदरात घालणे भाग आहे.

१८४० साली मीकने तिला व्हिटमन दांपत्याच्या स्वाधीन केले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये चिमुकली ॲलिस क्लॅरिसा नदीत बुडून मेली होती. पुढे त्याच घरात जिम ब्रिजरची मुलगी मेरी ॲन आली, आणि १८४४ साली वाटेतच आईबाप गमावलेली सेगर कुटुंबाची सात मुले. त्यांतील धाकटी गाडीच्या प्रवासात जन्मलेली. तिला वाटेत ठेवलेले रोझॅना हे नाव मागे पडून मृत बाप हेन्री आणि मृत आई नेओमी यांच्यावरून ती हेन्रिएटा नेओमी झाली. माहेरच्या यमुनेची सासरी आनंदी होते हे आपण जाणतो. पाच-सहा महिन्यांच्या पोरीच्या नावात दोन श्राद्धे घातलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत. (नात्यांची अडचण तिकडेही चुकत नसे: लेखिका लॉरा इंगल्स हिच्या नणंदेचे नावही लॉराच, म्हणून नवरा तिला बेस म्हणे.)

मिशनाचा अंत सर्वश्रुत आहे. गोवराची साथ, त्यात तिथल्या कायूस जमातीची दगावलेली मुले, वैद्यकी करणाऱ्या गोऱ्या व्हिटमनविषयी बळावलेला संशय, आणि २९ नोव्हेंबर १८४७ चा हल्ला. नार्सिसा व तिचा पती मारले गेले; हेलन मार कैदेत असताना गोवरानेच गेली. ती तेव्हा दहाएक वर्षांची होती. राष्ट्राध्यक्ष पोक यांच्याकडे ऑरेगॉनची कैफियत घेऊन निघालेला मीक १८४८ च्या आरंभी वाईलाटपूवरूनच गेला, आणि मुलीचे दफन करून पुढच्या मजलेला लागला. १८५० च्या जूनमध्ये ऑरेगॉन सिटीत त्या हल्ल्याबद्दल पाच कायूस पुरुषांना फाशी देण्यात आले, तेव्हा सरकारी मार्शल या नात्याने त्या शिक्षेची अंमलबजावणी करणारा मीकच होता.

त्याच कादंबरीचे तेच नाव मिरवणारी आणखी एक मुलगी माझ्या वहीत आहे: १८२८ साली न्यूयॉर्क राज्यातील मेंडन येथे जन्मलेली हेलन मार किंबॉल. मीक वाईलाटपूला थांबला त्याच वर्षी ही मॉर्मन तांड्याबरोबर सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली, आणि १८९६ पर्यंत जगली.