विज्ञानाचे प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचे दार

विद्यापीठात विज्ञान शिकायचे म्हणजे किमान तीन वर्षांची पदवी मिळवायची, हे समीकरण आपल्या समाजात इतके रुजले आहे की, त्याहून अल्प मुदतीच्या शिक्षणक्रमाकडे सहसा कोणी गंभीरपणे पाहत नाही. घरच्या ओढगस्तीमुळे पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आजवर एका गुणपत्रिकेखेरीज काही उरत नसे; आणि नोकरीच्या बाजारात त्या गुणपत्रिकेला कोणी विचारीत नसे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र बदलू पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून उन्हाळी सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. त्याला तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकंदर सात वर्षांच्या मुदतीत पदवीही पुरी करता येते. महाराष्ट्रातही २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ही रचना लागू झाली. योजनेमागील हेतू स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो निराळाच : एका वर्षात विज्ञानाचे असे काय हाती लागते की, ज्याचे प्रमाणपत्र द्यावे?

इतिहास वा साहित्य यांचा विद्यार्थी कॉलेज सुटल्यावरही वाचनालयाच्या आधाराने आपला अभ्यास चालू ठेवू शकतो. विज्ञानाचे तसे नाही. तराजू, ब्युरेट, सूक्ष्मदर्शक ही साधने घरी नसतात आणि ती हाताळल्याविना मोजमापातील चूक कोठून शिरते, हे उमगत नाही. म्हणूनच आराखड्यात व्याख्यानाच्या एका श्रेयांकास १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले आहेत. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. परंतु लांबलेले प्रवेश, परीक्षांचे हंगाम आणि रिकाम्या शिक्षकपदांची उणीव यांतून त्यांपैकी किती तास खरोखर प्रयोगाच्या वाट्याला येतात? एका सूक्ष्मदर्शकाभोवती चौघे-पाचजण उभे, 'रीडिंग' गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरविलेले, आणि उत्तर आधी ठरवून मग मागे जुळविलेली आकडेमोड, हा प्रकार शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांनाही अपरिचित नाही. पदवीच्या तीन वर्षांत ही उणीव कशीबशी भरून निघते, असे समाधान मानता येई. एका वर्षाच्या प्रमाणपत्रास ती सवलत नाही.

अल्प मुदतीचे विज्ञानशिक्षण अशक्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिल्या सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपात्रतेची अट नव्हती. तरीही विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमासाठी घरोघरी प्रयोगसाहित्याची पेटी पाठविण्यात आली आणि तीत लहानसा सूक्ष्मदर्शकही होता. शिवाय उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आठवडाभर काम करावे लागे. दूरस्थ शिक्षण देतानाही प्रयोग टाळता येत नाही, हे त्या विद्यापीठाने आरंभीच ओळखले होते. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने प्रयोगशाळा-तंत्राचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आखला. त्यात प्रयोगशाळेतील सुयोग्य कार्यपद्धती आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्रातील तंत्रे हेच विषय आहेत. मुदत अल्प, पण उद्दिष्ट नेमके, हे त्याचे वैशिष्ट्य.

याउलट २००३ मध्ये आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या एनपीटीईएलच्या व्याख्यानांनी खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही नामवंत प्राध्यापकांपाशी नेऊन बसविले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु ते प्रमाणपत्र मुख्यतः समजलेल्या सिद्धान्ताचे आहे. हाताला आलेल्या कौशल्याचे ते असू शकत नाही. दोहोंतील हा भेद विद्यार्थ्याने आणि नोकरी देणाऱ्यानेही ध्यानात ठेवावयास हवा.

यातून काही अपेक्षा सरळ निघतात. विज्ञानाच्या प्रमाणपत्रावर गुणांबरोबरच विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे करता येणाऱ्या प्रयोगांची यादी असावी. दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश तपासणाऱ्यास, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणाऱ्यास किंवा शाळेतील प्रयोगशाळा सहायकास त्या यादीचा प्रत्यक्ष उपयोग होईल. प्रात्यक्षिकाचे तास बुडाले, तर ते सुट्टीत भरून देण्याचे बंधन कॉलेजवर असावे. आणि परतणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सायंकाळची प्रयोगशाळा उघडी असावी. कारण वर्षभर नोकरी केलेला मुलगा सकाळी अकराच्या तासाला येऊ शकणार नाही.

ही तरतूद झाली नाही, तर काय घडेल हे सांगावयास ज्योतिषी नको. सुखवस्तू घरातील मुले पदवीपर्यंत जातील, गरिबांची मुले प्रमाणपत्र घेऊन थांबतील, आणि बाहेर पडण्याची ही सोय हळूहळू त्यांच्यापुरती कायमची वाट ठरेल. परतीचा मार्ग नियमात लिहून ठेवणे सोपे आहे. तो मार्ग प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचतो की नाही, यावरच या प्रमाणपत्राची किंमत ठरणार आहे.