गोटी लागत नाही तेव्हा

मी लहान मुलांची सर्जन. वृषण खाली न उतरलेली बाळं माझ्याकडे दोन वाटांनी येतात. काहींना न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी हेरलेलं असतं, "एका बाजूची गोटी लागत नाही हो." बाकीच्यांच्या आईबापांच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. माझा भरवसा मावशींवर जास्त.

वृषण तयार होतात बाळाच्या पोटात, मूत्रपिंडांजवळ. जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत ते जांघेतून अंडकोषाच्या पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण २ ते ४ जणांचं हे उतरणं राहून जातं, कमी दिवसांच्या बाळांत त्याहून कितीतरी जास्त. पहिल्या काही महिन्यांत बरेचसे आपसूक येतात. ६ महिन्यांनंतर वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. "मोठा झाला की येईल खाली" हे आजीचं म्हणणं तिथे संपतं.

तपासताना बाळ आईच्या मांडीवर आणि माझे हात चोळून गरम केलेले. गार बोट लागलं की स्नायू आखडतो, गोटी वर पळते. बोटांना जरासा साबण लावून कमरेच्या हाडापासून जांघेतून खाली यायचं. गोटी पिशवीत आली आणि सोडल्यावर तिथेच राहिली, तर ती नुसती लाजरी. तिला ऑपरेशन नको. पण दरवर्षी दाखवा, कारण यातल्या काही पुढे वरच जाऊन बसतात.

पाचातल्या एखाद्याची मात्र हाताला लागतच नाही. सोनोग्राफीत दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं ठरत नाही. मग कशाला करायची? बेंबीतून दुर्बीण घालून पाहिलं की कळतं: वृषण पोटात आहे, की रक्तवाहिन्या मध्येच संपल्या आहेत. फार वर असेल तर दोन टप्प्यांत खाली आणतो. नवजात बाळाच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर मात्र थांबू नये, हार्मोन आणि गुणसूत्रं लगेच तपासावीत.

एरवीचं ऑपरेशन छोटं असतं. जांघेत छेद द्यायचा, सोबतची हर्नियाची पिशवी बांधायची, वृषण सैल करून अंडकोषाच्या कातडीखाली केलेल्या खिशात बसवायचं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. वय ६ ते १२ महिने उत्तम, फार तर १८. कारण अंडकोषाची पिशवी शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते. पोटातल्या उबेत पुढे शुक्राणू बनवणाऱ्या पेशी घटत जातात. हार्मोनची इंजेक्शनं अजूनही कुणी कुणी सुचवतं. मी देत नाही. गुण क्वचित येतो, आला तरी टिकेलच असं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर आजोबा व्हरांड्यात गाठतात आणि हळूच विचारतात, "पुढे मूलबाळ होईल ना?" एकाच बाजूचा दोष असेल तर शक्यता जवळजवळ इतरांइतकीच. दोन्ही बाजूंचा असेल तर बरीच कमी. कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो. वेळेत ऑपरेशन केल्याने तो कमी होतो, पण पुरता जात नाही. म्हणून वयात आल्यावर मुलाने महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः चाचपून पाहावं आणि गाठ किंवा कडकपणा लागला तर लगेच दाखवावं. हे त्याला सांगायचं काम मी बापावर सोपवते.