उडणारे जोडपे

मंडळी, उन्हाळ्यात भर दुपारी बांधावर बसून आकाशात घिरट्या घालणारी घार तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. पंख न फडफडवता ती वर वर चढत जाते. हे होते कसे? उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर जाऊ लागते. घार त्या हवेतच गोल गोल फिरत राहते, आणि ती हवाच तिला उचलून नेते. माणसाने घारीचे हे तंत्र घेतले आणि बिनइंजिनाचे विमान केले. त्याचे नाव ग्लायडर. कुठे पोहोचायचे म्हणून नव्हे, तर निव्वळ हौसेखातर लोक ते उडवतात. पुण्याजवळ हडपसरलाही अशी ग्लायडरे उडताना अनेकांनी पाहिली आहेत.

पण अशी हौस घरातल्या एकालाच असली, तर दुसऱ्याने काय करायचे? अंगणात उभे राहून आभाळाकडे पाहत काळजी करायची? एका जोडप्याने याचे उत्तर कसे काढले, ते ऐका.

अमेरिकेचा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून एकटाच निघाला आणि न थांबता साडेतेहेतीस तासांत पॅरिसला उतरला. सारे जग त्याला ओळखू लागले. १९२९ मध्ये त्याचे अ‍ॅन मॉरो हिच्याशी लग्न झाले. अ‍ॅन लिहिण्यावाचण्यात रमणारी मुलगी. नवऱ्याच्या कीर्तीच्या सावलीत ती स्वस्थ बसली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. पण ती स्वतः शिकू लागली. १९३० मध्ये तिने ग्लायडरचा पहिल्या श्रेणीचा परवाना मिळवला. हा परवाना मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. पुढच्याच वर्षी इंजिनाच्या विमानाचा परवानाही तिच्या हाती आला.

एवढ्यावर ती थांबली नाही. तारायंत्राची कट-कड-कट अशी सांकेतिक भाषा ती शिकली. १९३१ साली दोघे कॅनडा, अलास्का, जपान असे करीत चीनपर्यंत उडाले, तेव्हा विमानातला रेडिओ तिच्याकडे होता. लांबलचक तार विमानाबाहेर सोडायची, संदेश घ्यायचे, द्यायचे आणि उतरण्याआधी तार गुंडाळून आत घ्यायची. खाली धुके आहे की मोकळे, हे नवऱ्याला सांगणारी तीच. म्हणजे ती मागे बसलेली पाहुणी नव्हती, कामाची माणूस होती.

१९३२ मध्ये या घरावर आकाश कोसळले. त्यांच्या तान्ह्या मुलाला पळवून नेऊन मारण्यात आले. त्या दुःखानंतर १९३३ साली दोघे पुन्हा एकत्र निघाले आणि अटलांटिक महासागराभोवती सुमारे ३० हजार मैल फिरून आले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र त्यांचे विमान पाण्यावरून उठेना. वारा पडला होता. वारा नसताना पतंग उडवायचा तर पोराला जोरात धावावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. विमानाचेही तसेच. समोरून वारा असला की पंखांना आधार लवकर मिळतो. नसला की विमानाला अधिक वेगाने धावावे लागते, आणि पाणी तर त्याला मागे ओढत असते. शेवटी दोघांनी नको ते सामान काढले, ओझे कमी केले, वाऱ्याची वाट पाहिली आणि रात्री उड्डाण करून ब्राझील गाठले. त्या अनुभवावर अ‍ॅनने पुढे पुस्तकच लिहिले.

यांचा संसार आदर्श होता, असे मी म्हणत नाही. पुढे चार्ल्सने तिच्यापासून मोठ्या गोष्टी लपवल्या, हे दोघांच्या मृत्यूनंतर उघड झाले. एका विमानात बसल्याने मने आपोआप एक होत नाहीत. पण अ‍ॅन जे शिकली, ते तिचे स्वतःचे झाले. ते कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

तेव्हा गुरुजी, उद्या मुलांना मैदानात नेऊन घार दाखवा आणि ती वर कशी चढते ते विचारा. आणि मंडळी, आपल्या घरात कुणाला भजनाची, कुस्तीची, मधमाश्या पाळण्याची हौस असेल, तर त्यांना नुसते 'चालू द्या' म्हणू नका. 'यातले एक काम मला शिकवा' असे म्हणून पाहा. आणि ज्याला हौस आहे, त्यानेही हातचे काही राखून न ठेवता शिकवावे.