बालकाचे वरचे अन्न : पेजेची घनता, मातेचा वेळ आणि घरखर्च

घरखर्चाच्या हिशेबात लहान मुलाच्या अन्नाची रक्कम फार थोडी दिसते. सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास आईच्या दुधाखेरीज दिवसभरात जे धान्य लागते, ते मूठ-दोन मुठींपलीकडे जात नाही. मोठ्या माणसांच्या भाकरीच्या पिठात ते सहज सामावून जाईल. असे असूनही बालकाची वाढ मंदावते ती बहुधा याच वयात. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिने वयाच्या भारतीय मुलांपैकी अवघ्या सुमारे ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. या स्थितीस दारिद्र्य कारणीभूत आहे हे खरेच. परंतु ज्या घरात मूठभर धान्याची वाण नाही तेथेही हेच घडते, तेव्हा केवळ दारिद्र्याकडे बोट दाखवून भागत नाही. बालान्नावर होणारा खरा खर्च धान्याचा नसून वेळेचा व सरपणाचा असतो, आणि तो पुष्कळ अंशी पेजेत किती पाणी आहे यावर ठरतो. या गोष्टीकडे गृहशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे मात्र त्या मानाने कमी गेले आहे.

कुटुंबात वस्तूची किंमत केवळ पैशात मोजून चालत नाही, ती वापरात आणण्यास लागणारा वेळही तिच्या किमतीत धरला पाहिजे, हा विचार गॅरी बेकर याने १९६५ साली आपल्या वेळेच्या वाटणीवरील निबंधात पद्धतशीरपणे मांडला. बालान्नास तो जितका लागू पडतो तितका घरातील दुसऱ्या क्वचितच एखाद्या वस्तूस लागू पडत असेल. पन्नास ग्रॅम पिठास पैसे नाममात्र पडतात. पण ते दळणे, चाळणे, शिजवणे, निववणे आणि चमच्याचमच्याने भरवणे यांत तासच्या तास जातात. हे तास कोणाचे, हेही उघड आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसून आले. यास्तव बालान्नात काटकसर सुचवताना ती मातेच्या वेळेतून वसूल केली जात नाही ना, हे प्रथम पाहणे अवश्य आहे. धान्य घरीच निवडा, घरीच दळा, दर खेपेस ताजे शिजवा, असा उपदेश पुष्कळ पुस्तिकांतून आढळतो. त्यात पैसा वाचतो. वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

आता पाण्याकडे वळू. बालकाच्या जठराची धारणशक्ती त्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारे ३० ग्रॅम धरतात. आठ किलो वजनाचे मूल एका वेळी फार तर २४० ग्रॅम, म्हणजे वाटी-सव्वा वाटी अन्न घेऊ शकते. नऊ ते अकरा महिन्यांच्या वयात, आईचे दूध सर्वसाधारण प्रमाणात मिळत असता, वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० उष्मांक मिळावे लागतात. घरोघरी केली जाणारी तांदळाची वा नाचणीची पातळ पेज शंभर भागांत दहा भाग पीठ एवढ्याच घनतेची असते, आणि अशा शंभर ग्रॅम पेजेत जेमतेम ३५ उष्मांक असतात. तेव्हा ३०० उष्मांकांसाठी साडेआठशे ग्रॅमपेक्षा अधिक पेज पोटात गेली पाहिजे. म्हणजे पोट तुडुंब भरेपर्यंत दिवसातून जवळजवळ चार वेळा. एवढ्या वेळा भरवण्यास जिला सवड आहे अशी माता विरळाच, आणि प्रत्येक खेपेस वाटी रिकामी करणारे मूल त्याहून विरळ. मूल पोट भरल्याची खूण करते, तोंड फिरवते, आणि आई समाधान पावते. परंतु ते पोट पाण्याने भरलेले असते.

याला उपाय म्हणून पीठ वाढवावे, असे कोणासही सुचेल. येथेच अडचण उभी राहते. धान्यातील पिष्टाचे कण उष्ण पाण्यात पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतात आणि एकमेकांना भिडून सगळे मिश्रण खळीसारखे करून टाकतात. दहा भाग पिठाची पेज ओघळते. वीस भाग पिठाची केली तर तिचा गोळा होतो. दात न आलेल्या मुलास तो गिळता येत नाही. ते थुंकून टाकते, आणि आई पुन्हा पाणी घालते. पाणी घालण्यात तिचा अडाणीपणा नाही. मुलाच्या घशास जे पेलते तेच ती देत असते. दोष पिष्टाच्या गुणधर्मात आहे, तेव्हा उपायही तेथेच शोधला पाहिजे.

तो उपाय महाराष्ट्रातील, कर्नाटकातील व गुजरातेतील घरांत पूर्वापार आहे. धान्यास मोड आणले असता दाण्यात अमायलेज नावाचे विकर निर्माण होते. कोंबाच्या वाढीस लागणारी साखर मिळवण्यासाठी हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी तोडते. साखळ्या तुटल्या की पाणी धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जाते. त्यामुळे मोड आणलेल्या धान्याचे वीस भाग पीठ घातलेली लापशीही चमच्यातून ओघळण्याइतकी पातळ राहते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देसिकाचार व मल्लेशी यांनी या पारंपरिक क्रियेचा शास्त्रीय अभ्यास केला. १९८०-८१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात नाचणी व मूग यांसारख्या धान्यांना मोड आणून कमी श्यानतेचे व अधिक उष्मांकांचे बालान्न कसे करता येते, हे दाखविले आहे. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सोपी वाट दाखविली. सगळ्या धान्यास मोड आणण्याची गरज नाही. मोड आणलेल्या धान्याचे थोडेसे पीठ नेहमीच्या घट्ट लापशीत मिसळले तरी ती काही मिनिटांत सैल होते.

या ठिकाणी नाचणीच्या सत्त्वाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, दीड-दोन दिवस मोड येऊ देऊन, वाळवून दळणे हा सत्त्वाच्या कृतीचा गाभा होय, आणि तो सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे. त्यानंतर मात्र पुष्कळ घरांत दोन गोष्टी केल्या जातात, आणि त्या दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत. पहिली, पीठ वस्त्रगाळ करणे. यात सर्वाधिक वेळ जातो, आणि फडक्यावर जो कोंडा उरतो त्याबरोबर नाचणीतील चुन्याचा बराच भाग टाकला जातो. नाचणीत दर शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, इतर कोणत्याही तृणधान्यापेक्षा कितीतरी अधिक. तेच टाकण्यासाठी एवढे श्रम घेणे हा दुहेरी तोटा आहे. बारीक चाळणीने चाळलेले पीठ बहुतेक मुलांना पुरेसे मऊ असते. दुसरी गोष्ट, मोड आलेले दाणे ओलसर असतानाच कढईत खमंग भाजणे. वास सुंदर येतो, पण ओल्या दाण्यातील विकर उष्णतेने नष्ट होते आणि दोन दिवसांची मेहनत पुष्कळशी वाया जाते. दाणे आधी उन्हात खडखडीत वाळवावेत, हाताने चोळून कोंब झाडावेत, आणि मग हवे तर मंद आचेवर नुसते शेकावेत.

ज्वारी पिकविणाऱ्या भागांत एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात हे शेतकऱ्यास ठाऊक असते; मोड आणलेल्या ज्वारीचा संबंध त्याच्याशी आहे, हे मात्र स्वयंपाकघरात सहसा लक्षात घेतले जात नाही. बालकासाठी मोड आणावयाचे ते नाचणी, गहू किंवा बाजरी यांना. ज्वारीचे साधे पीठ वापरण्यास हरकत नाही.

वेळेच्या दृष्टीने बडोद्याची रीत अधिक सोयीची दिसते. गव्हास मोड आणून, वाळवून, दळून केलेले शंभर ग्रॅम पीठ एका डब्यात ठेवावे. घरात जी लापशी, खिमट किंवा मऊ भात शिजला असेल तो चुलीवरून उतरवून जरा निवू द्यावा. तो उकळता नसावा, परंतु बोटास चांगला चटका बसेल इतका गरम असावा. त्यात हे पीठ लहान चमचाभर घालून ढवळावे आणि चार-पाच मिनिटे थांबावे. घट्ट गोळा डोळ्यांदेखत सैल पडतो. त्यानंतर एक उकळी देणे मात्र टाळू नये. मोड येण्याच्या दमट अवस्थेत धान्यावर जंतू व बुरशी वाढण्याचा संभव असतो, आणि विकराचे काम तोवर झालेले असते. शंभर ग्रॅम पीठ अशा सुमारे वीस खेपांस पुरते. म्हणजे पंधरवड्यातून एकदा घेतलेले थोडेसे श्रम रोजच्या कामी येतात.

दुसरी दिशा भाजणीची. सातूचे पीठ हे या प्रदेशातील जुने तयार अन्न आहे. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेले हे पीठ गूळपाण्यात वा दुधात कालवले की खाण्याजोगे होते; रोज चूल पेटवावी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केलेले ‘हैदराबाद मिश्रण’ या सातूचेच भावंड म्हणता येईल. त्यात भाजलेला गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम असतो, आणि एवढ्यातून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. सातूत शेंगदाण्याचे कूट मिसळणे एवढाच काय तो फरक. पण त्या कुटामुळे स्निग्धांश वाढतो आणि थोड्या अन्नात अधिक उष्मांक सामावतात. शेंगदाणे खवट किंवा बुरशी आलेले नसावेत, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असते. मेतकूटही याच कुळातले. मात्र त्यातील मसाल्यामुळे ते बेताने व थोडे मोठे झाल्यावर द्यावे.

मुलासाठी वेगळे शिजवणे बहुतेक वेळा अनावश्यक असते. फोडणी व तिखट घालण्यापूर्वी डाळीचा घट्ट भाग वाटीत काढून घेतला, त्यात भात कुस्करला आणि चमचाभर तूप वा तेल घातले की निराळे भांडे, निराळे सरपण आणि निराळा अर्धा तास हे सर्व वाचते. एका लहान चमच्यातील पाच ग्रॅम तेल ४५ उष्मांक देते, म्हणजे वर सांगितलेल्या पातळ पेजेच्या अर्ध्याहून अधिक वाटीइतके. तेल महाग म्हणून मुलाच्या वाटीत घालावयाचे टाळणे ही काटकसर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

वेळ वाचविण्याची एक रीत मात्र सर्वथा त्याज्य ठरते. सकाळी केलेली पेज झाकून ठेवून संध्याकाळपर्यंत पुरविणे, किंवा ती बाटलीत भरून मुलाच्या हाती देणे, हे अनेक घरांत चालते. शिजलेले ओले अन्न उष्ण हवेत दोन तासांपलीकडे सुरक्षित राहत नाही, आणि कोमट थर्मासमध्ये तर जंतूंची वाढ अधिकच होते. अशा पेजेने होणाऱ्या हगवणीत मूल महिन्याभराची कमाई चार दिवसांत गमावते, औषधाचा खर्च निराळाच. साठवावयाचे ते कोरडे पीठ. ओली पेज नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते तेवीस महिन्यांच्या मुलास दिवसातून तीन-चार वेळा अन्न द्यावे असे जे सांगितले, त्यामागे अन्नाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये निदान ०.८ उष्मांक असतील हे गृहीत आहे. पातळ पेजेची घनता त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. वीस भाग मोडाचे पीठ आणि चमचाभर तेल घातलेल्या २४० ग्रॅम लापशीतून सुमारे २१० उष्मांक मिळतात, आणि तिची घनता या अपेक्षेला पोचते. याचा अर्थ खेपा कमी कराव्यात असा नाही. डाळ, पालेभाजी, अंडे, फळ यांना जागा हवीच. विशेषतः लोहाची गरज नुसत्या लापशीने भागत नाही. पण जी स्त्री पहाटे भरवून ऊसतोडीस किंवा खुरपणीस जाते आणि दिवेलागणीस परतते, तिच्या हाती दोनच खेपा असतात. मधली खेप आठ-दहा वर्षांच्या मोठ्या बहिणीकडे जाते आणि पुष्कळदा चुकते. पातळ पेजेच्या दोन खेपांत अशा मुलाच्या पोटात १७० उष्मांक पडतात. घट्ट लापशीच्या दोन खेपांत, त्याने प्रत्येक वाटीतील चौथा हिस्सा टाकला तरी, ३०० हून अधिक पडतात. आणि बहिणीच्या हाती चूल पेटवावी न लागणाऱ्या सातूचा डबा आणि उकळून झाकून ठेवलेले पाणी असले, तर मधली खेपही चुकण्याचे कारण राहत नाही.