नातवंडं काय बोलतात?

बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद ठाऊक आहे? (केळीवालं जळगाव वेगळं!) तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी काही गावांत निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात नीट बसत नाही. शब्द मात्र तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून बिनधास्त घेतलेत. कोरकूतले तर ढिगानं, आणि 'चार'साठी 'नालो', थेट द्रविडी वळणाचा.

जनगणनेच्या छापील भाषायादीत ती शोधू नका. देशभरात १०,००० पेक्षा कमी लोक बोलत असतील, तर त्या भाषेचं नावच तिथे येत नाही.

पण भाषेची तब्येत नुसत्या आकड्यावरून कळत नसते. युनेस्कोच्या तज्ज्ञगटानं २००३ मध्ये त्यासाठी नऊ निकष मांडले. त्यातला पहिला साधा आहे: आजीची भाषा नातवंडांच्या तोंडी आहे का? शाळा, लिखित साहित्य, सरकारी धोरण हे पुढचं. आणखी एक निकष म्हणजे बोलणाऱ्यांना स्वतःच्या भाषेबद्दल काय वाटतं. मला तोच बोचतो. शब्दकोश कितीही जाड छापा, पोरं एसटी स्टँडवर ती भाषा बोलायला लाजत असतील तर तो कपाटातच राहणार.

म्हणून वर्गात कुणी वेगळी बोली बोललं, तर नक्कल करून हसू नका. चार शब्द शिकून घ्या. कधी अशा गावात गेलात, तर आधी परवानगी घ्या, मगच मोबाइल काढा. रेकॉर्डिंगची एक प्रत गावातच ठेवा. आणि 'नमस्कार म्हणून दाखवा' एवढ्यावर भागवू नका. बाजारातली घासाघीस, शेतातली भांडणं, आजीची गोष्ट, सगळं टिपा.