खरखर, झोके आणि एक अवघड प्रश्न

एडीएचडी असलेलं मूल अभ्यासाला बसलं की घरातला टीव्ही बंद होतो, धाकट्या भावंडाची रवानगी दुसऱ्या खोलीत होते. 2007 साली स्वीडनमधल्या योरान सॉडरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या अगदी उलट केलं. मुलांना छोट्या सूचना लक्षात ठेवायला सांगितल्या आणि त्या वेळी मोठ्याने व्हाइट नॉइज, म्हणजे रेडिओचं स्टेशन नीट न लागल्यावर येते तशी एकसारखी खरखर, वाजवली. एडीएचडी असलेल्या मुलांना जास्त आठवलं, इतर मुलांना मात्र कमी.

त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण विलक्षण आहे. मेंदूतल्या पेशी एका ठरावीक पातळीच्या वर गेलेल्याच संदेशाला प्रतिसाद देतात. डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचं काम मंद असेल तर क्षीण संदेश त्या पातळीखालीच राहतात, आणि बाहेरून आलेली खरखर त्यांना वर उचलते. ज्यांच्या मेंदूत आधीच पुरेशी हालचाल आहे, त्यांना तीच खरखर जड जाते. हा अजून तर्क आहे, पण मुलाला शांतता हवी हे आपण किती सहज गृहीत धरतो, ते त्यामुळे लक्षात येतं.

2024 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन इथे जोएल निग यांच्या गटाने अशा 13 अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यांत एडीएचडी किंवा लक्ष लागण्याची अडचण असलेले 335 जण होते. फायदा दिसला, पण लहान. शिवाय त्यांच्याकडून करून घेतलेली कामं थोड्या वेळाची होती. वर्गातल्या अख्ख्या दिवसाचं काय, हे त्यावरून कळत नाही. इंटरनेटवर गाजणाऱ्या ब्राउन नॉइजवर, म्हणजे अधिक खोल, घुमणाऱ्या खरखरीवर, तर निग यांच्या गटाला एकही योग्य अभ्यास सापडला नाही.

खरखरीसारखे औषधाविना उपचार तपासणं किती कठीण असतं, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना एका यंत्रावर फिरवून, हलवून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला चेतना द्यायची, असा तो प्रयोग. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, असे 12 आठवडे. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ, तितक्याच तीव्रतेचा, पण ती खास चेतना नसलेला कार्यक्रम दिला. उपचार संपताना उपचार घेतलेली मुलं चांगलीच सुधारली होती. दुसऱ्या गटातली मुलंही तितकीच सुधारली होती! ठरलेल्या वेळी नियमित जाणं, मोठ्या माणसाने पूर्ण लक्ष देणं, पालकांची अपेक्षा या सगळ्याचा वाटा त्यात असणार. तुलनेचा गट नसता तर सगळं श्रेय यंत्राला गेलं असतं.

कपाळावर पट्टी लावून झोपेत चेहऱ्याच्या नसेला सौम्य विद्युत चेतना देणाऱ्या उपकरणाचंही असंच झालं. 62 मुलांच्या चार आठवड्यांच्या चाचणीनंतर अमेरिकेने 2019 मध्ये त्याला परवानगी दिली. पुढे ब्रिटनमध्ये 150 मुलांवर अधिक काटेकोर चाचणी झाली, तेव्हा खऱ्या आणि नकली उपकरणात फरक दिसला नाही.

म्हणून झोपाळे, चेंडू, ब्रश वापरून होणाऱ्या उपचारांच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या सेशन्सची फी भरताना ‘फरक पडतो का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कशाच्या तुलनेत?’ हेही विचारा, आणि ते विचारताना संकोच बाळगू नका. याचा अर्थ झोपाळा वाईट असा नाही. मुलाला त्यावर आनंद होत असेल तर तो जरूर द्यावा. फक्त त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी सुचवलेलं औषध किंवा पालक-प्रशिक्षण थांबवू नये.

खरखरीचा प्रयोग घरी करून पाहणं सोपं वाटतं, आणि धोकाही तिथेच आहे. अनेक प्रयोगांत आवाज सुमारे 80 डेसिबल होता, तोही थोड्या वेळापुरता. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तास आणि तेही 75 डेसिबलपर्यंत अशी आहे. तेव्हा हेडफोन नको. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आवाज हळू ठेवा. आधी काही दिवस खरखरीशिवाय, मग काही दिवस खरखरीसह त्याच प्रकारची गणितं द्या आणि किती सुटली ते वहीत लिहा. मुलाला त्रास होत असेल तर लगेच बंद करा.