फळ पडल्याचा आवाज

निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस 1848 साली ब्राझीलला पोहोचला तो मुख्यतः किडे आणि पक्षी जमवून लंडनला विकण्यासाठी. 1850 मध्ये तो होडीने रिओ नेग्रो नदी चढू लागला आणि वाटेत मासा हेच रोजचे जेवण झाले. पण गळाला लागलेला मासा चुलीवर चढण्याआधी तो त्याचे पेन्सिलने चित्र काढी, खवले नि परांचे काटे नीट दाखवून.

1852 च्या ऑगस्टमध्ये परतीचे जहाज भर अटलांटिकमध्ये जळाले. जवळचा सारा संग्रह गेला. वाचलेल्या एका पत्र्याच्या डब्यात माशांची ही चित्रे होती! ती पुस्तकरूपाने यायला मात्र 2002 साल उजाडले. त्यात दोनशेहून अधिक चित्रे आहेत.

वॉलेसच्या काळी या नदीच्या खोऱ्यात मासेमारीला गळ, भाला, धनुष्यबाण ही साधने होती. शिवाय टिंबो नावाची वेल. तिची मुळे ठेचून संथ पाण्यात कालवली की मासे गुदमरून वर येतात. आपल्याकडे गेळाच्या फळांचा वापर याच कामी होत आला आहे.

सगळ्यांत चतुर साधन म्हणजे गापोंगा. आखूड काठी, दोरी आणि टोकाला जड गोळा, बस्स! पुरात जंगल बुडाले की कोळी होडी झाडांमध्ये घालतो आणि गोळा पाण्यावर आपटतो: डुब्‌, डुब्‌. फळ पडले असे समजून तांबाकी धावतो. हा मासा मीटरभर लांब, तीस किलोपर्यंत वाढतो आणि दाढांसारख्या दातांनी रबराचे टणक बी फोडतो. आमिषही म्हणूनच बियांचे. मत्स्य-अभ्यासक मायकेल गोल्डिंग 1970 च्या दशकात या कोळ्यांबरोबर हिंडला आणि मासे जंगलावर जगतात हे त्याने 1980 च्या पुस्तकात सविस्तर मांडले. कोळ्यांना ते आधीपासून ठाऊक होते, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

न फुटलेल्या बिया माशाच्या पोटातून दूरवर जाऊन रुजतात. मोठा मासा त्या जास्त लांब नेतो. नायलॉनची जाळी आणि बर्फाच्या पेट्या आल्यावर नेमके हेच मोठे मासे आधी संपू लागले. आता ब्राझीलमध्ये 55 सेंटिमीटरहून लहान तांबाकी पकडायला मनाई आहे आणि बाजारातला बराचसा मासा शेततळ्यांतून येतो. खाणाऱ्याची सोय झाली, पण तळ्यातला तांबाकी बुडालेल्या जंगलात फिरत नाही, तिथली बी कुठे नेतही नाही.